मागे सरकायला जागा

ओशिवऱ्यात, गॅरेजच्या वरच्या मजल्यावर
मुजावरभाईंचं भाड्याचं दुकान.
फोमच्या खाचांत कॅमेरे झोपलेले,
प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी, पट्टीवर नंबर.
बजेट विचारलं त्यांनी. आम्ही सांगितलं.
त्यांनी चहा मागवला.

शलाकाला मोठ्या सेन्सरचाच हवा होता,
अंधारातला काळा काळाच ठेवणारा.
त्याचं एका दिवसाचं भाडं म्हणजे
आमचं जेवण, टेम्पो आणि निनादचा माईक.
लहानच उचलला मग, कोपऱ्यात रबर निघालेला.
"चित्र देतो," मुजावरभाई म्हणाले,
"बाकी लाड करून घेत नाही."

अडलं ते लेन्सपाशी.
फिल्म बाबांवर. बाबा कवळ्या बनवतात
घोडपदेवच्या दहा बाय बाराच्या खोलीत,
खिडकीखालच्या टेबलाशी
गुलाबी मेणात एकेक दात बसवत.
पंच्याऐंशीची लावावी तर मी
आधी भिंतीला टेकणार, मग भिंतीत,
मग पलीकडे सुर्व्यांच्या मोरीत.
चोवीसच्यात खोली सगळी मावते,
पण बाबांचं नाक पुढे येतं
आणि कान मागे राहतात, पंगतीत उशिरा आल्यासारखे.
"पस्तीस बरी," शलाका म्हणाली,
आई शिळ्या आमटीला बरी म्हणते त्या आवाजात.

मुजावरभाई स्टुलावर चढले.
"पन्नासची एक आहे जुनी. कडेला बुरशी. निम्म्यात न्या."

घरी बाबांनी ती ट्यूबलाईटसमोर धरली.
बुरशी पाहिली, बोलले नाहीत.
मग उलटी करून डोळ्याला लावली
आणि हातातल्या दाढेकडे बघत राहिले.
"चीर आहे. उद्या द्यायची होती ही."
हे मला घेता आलं नाही.
बॅटरी चार्जिंगला होती.

पन्नासनेही भागेना.
कपाट बाहेर काढू, दार उतरवू, चाललं होतं आमचं,
तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधून पेडणेकर मावशी:
"अगं, आमच्या गॅलरीतनं घे की!
रोज दिसतात. साडेबारापर्यंत दिवा असतो.
कवळी झाली की तिला हसून दाखवतात एकदा,
मग झोपतात."

एकाच खोलीत बावीस वर्षं.
मला हे ठाऊक नव्हतं.

परत ओशिवरा. परत तो जिना.
मुजावरभाईंनी पन्नासची काच पुसली,
पंच्याऐंशीची पुढे सरकवली, फरक मोजून घेतला,
आणि काय झालं ते विचारलं नाही.

रात्री मावशींच्या तुळशीशेजारी ट्रायपॉड.
आधी वाळत घातलेला टॉवेल स्पष्ट झाला,
मग खिडकीचे गज,
मग बाबा.
इतक्या लांबून मी त्यांना पाहिलं नव्हतं.
कपाळाला मेण लागलं होतं.
साडेबाराला त्यांनी कवळी दिव्यापाशी धरली,
आणि हसण्याआधी
मान वर करून सरळ इकडे बघितलं.

शलाकाने माझा दंड धरला.
मावशी म्हणाल्या, "नाही गं, अंधार आहे.
त्यांना आपण दिसत नाही."
मी रिंगवरचं बोट हलवलं नाही.