कारण: इतर

रजेच्या अर्जात कारणाचे चार चौकोन होते:
आजार, बाळंतपण, अभ्यास, इतर.
मी इतरवर खूण केली.
पुढे जेमतेम दोन इंच रेघ,
तिच्यात जग काही मावेना.
शेवटी ऑफिसातला इर्शाद सनदी म्हणाला,
मॅडम, ‘वैयक्तिक’ लिहा. बारीक अक्षरात बसतं.

एकवीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं.
एकच नाणं हजार वेळा उडवलं फळ्यावर,
ते कधी सांगलीबाहेर पडलं नाही.
आता अकरा महिने. बिनपगारी. मंजूर.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलाय,
खताच्या दुकानातून दिवाळीला आलेला,
त्यामुळे हिंदी महासागरात त्यांचा फोन नंबर आहे.
सन्मतीच्या बोटांना वखारीतली हळद.
तो जिथे टेकवील तिथे पिवळं उमटतं:
जॉर्जिया, पेरू,
आणि ग्रीनलंड, कारण तिथे एक डास बसला होता.
तेही यादीत घेतलं.

त्याच्या शंका वेगळ्याच.
“दिवस मावळल्यावर मी जेवत नाही,
आणि तू शेवटी जूनमध्ये नॉर्वे धरलंयस.
तिथे दिवस मावळतच नाही म्हणे.
मग थांबायचं कधी?”
पोट भरल्यावर, मी म्हणाले.
यावर तो बराच वेळ गप्प.
मग पुन्हा, “पॅसिफिक ओलांडताना एक वार दोनदा येतो ना?
नेमकी चतुर्दशी आली तर उपास एक की दोन?”
हे मी परीक्षेत विचारायला हवं होतं, दहा गुणांना.

बस्तीत महाराज चातुर्मासाला येतात,
पावलाखाली जीव येऊ नये म्हणून
चार महिने एका जागी;
आमचं विमान त्याच आठवड्यातलं.
नणंद म्हणाली, “मुनी थांबतात आणि तुम्ही सुटताय.”
फटकन बोलली, पण डबे तीच भरतेय:
बिनलसणाचं भडंग सहा किलो,
बेदाणे, मेतकूट, सुंठीची पूड.
काटा तेवीसच्या पुढे गेला.
आम्ही कपडे काढले, डबे राहिले.

तयारीच्या वहीत पहिली ओळ मात्र
व्हिसाची नाही, तिकिटाची नाही.
फ्रीज विटांवर चढवणे.
त्याखाली: गाद्या माळ्यावर. पाण्याची मोटर सोडवून गच्चीत.
लग्नाचा अल्बम मिरजेला, ताईकडे, वरच्या फळीवर.
ऑगस्टात आम्ही कुठल्याशा बसमध्ये पेंगत असू
आणि कृष्णा इथे जिना चढून येईल,
कुणी घरात आहे का बघायला.
भिंतीवर एकोणीस सालची रेघ आहे.
दोनदा रंग दिला,
हवा दमट झाली की पुन्हा दिसते,
माझ्या खांद्याला खांदा लावून.

वकिलातीच्या अर्जात अठरावा रकाना:
परत येणार याचा पुरावा जोडा.
सन्मतीने वखारीचा परवाना जोडला,
सातबारा, तीन वर्षांचा आयकर.
मी कॉलेजचं पत्र, शिक्का जरा पुसट.
तरी जागा उरली.
या खेपेला रेघ चांगली लांब होती
आणि मला बारीक अक्षर काढायची गरज नव्हती.

काय लिहू, साहेब?
पावसाळ्यात आमच्याकडे फोन उचलला
की कसे आहात, असं कुणी विचारत नाही.
आयर्विनला किती फूट, असं विचारतात.
उद्या मी तिबिलिसीत असेन, पुढे लिमात,
लोक नदीकाठी फोटो काढत असतील,
आणि मी कठड्यावरून वाकून
पुलाच्या खांबावर आकडे शोधत असेन.

एवढ्यावर भागेल का,
की अजून एक झेरॉक्स जोडू?