ओळ ४११७

आमच्या गेममध्ये कुणी कुणाला मारत नाही.
बर्फातलं एक गाव, खालच्या अंगाला धरण उठतंय,
आणि तुम्ही मोजणीदार. दारोदार जायचं,
प्रत्येक घराला विचारायचं, कधी निघताय.
बस, एवढंच.
पैसे देणाऱ्यांनी विचारलं होतं, यात खेळ कुठे आहे?
सोहवी म्हणाली, दार उघडल्यावर.

औलू शहरात, बंद पडलेल्या चपलांच्या दुकानावर
दोन खोल्या, तीन संगणक, आणि एक हीटर
जो मार्च संपेपर्यंत कसाबसा स्वतःलाच ऊब देतो.
सोहवी चित्रं काढते. मी माणसांच्या तोंडी शब्द घालते
आणि प्रत्येक शब्दापुढे दोन वाटा.
चार वर्षं झाली. चार हजारांवर ओळी.
हल्ली घरी भांडतानाही मी पर्याय मोजते.

चाचणीसाठी शेजारच्या जिन्यातले ताइस्तो आले,
वय एकाहत्तर, निवृत्त पोस्टमन.
कंट्रोलर धरला तो कुणी तान्हं मूल हातात दिल्यासारखा.
प्रत्येक पर्याय मोठ्याने वाचायचे,
चुकीचा दाबला गेला तर पडद्याला म्हणायचे, माफ करा हं.
दार वाजवायच्या आधी बूट झटकता येत नाहीत का?
येत नव्हते. सोहवीने लिहून घेतलं.

तेराव्या घरात हिल्या राहते.
ती कॉफी ओतते. तिच्या नवऱ्याची कबर
कुरणात, येणाऱ्या पाण्याच्या रेषेखाली चार मीटर.
त्याचं काय करायचं, ती विचारते.
पडद्यावर दोन ओळी उमटतात:
‘सरकार कबरी हलवणार आहे.’
‘मला माहीत नाही.’
पहिली खोटी. दुसरी खरी, आणि जास्त वाईट.
इकडे आड, तिकडे विहीर.
या जागेचा मला फार अभिमान होता.

ताइस्तोंनी दोन्ही वाचल्या. मग पुन्हा.
‘तिसरी?’
नाही, मी म्हटलं, दोनच.
‘छत्तीस वर्षं पत्रं वाटली मी.
काळ्या किनारीचा लिफाफा दिला की
काही बोलायचं नसतं. मी बसायचो. टोपी मांडीवर.’
त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला,
हात मांडीवर, जिथे टोपी असायची तिथे.

आणि बसले.

खिडकीबाहेर बर्फ, पडद्यावर बर्फ,
पडद्यावरचा दर चाळीस सेकंदांनी तोच तो.
हिल्या सहा-सहा सेकंदांनी पापण्या मिटते.
तिचा हात थरथरेल असं सोहवीने काही केलेलं नव्हतं,
मला मात्र तो थरथरताना दिसला.
कपातून वाफ येतच राहिली.
कॉफी निवायची सोय आम्ही ठेवलीच नव्हती.
अकरा मिनिटं. हीटर खरखरला, गप्प झाला.
मग ताइस्तो उठले, ‘येतो’ म्हणाले,
तिला, आम्हाला नव्हे,
आणि जिना उतरून गेले.
गेम होता तिथेच होता.

त्या रात्री मी तिसरा पर्याय घातला.
मजकूर नाही, नुसती रिकामी चौकट.
ती दाबली तर खुर्चीत बसून राहायचं,
कॉफी निवेपर्यंत.
(ती निववायला सोहवीला नऊ दिवस लागले.)
गुण नाहीत, बक्षीस नाही, शेवट बदलत नाही.
पाणी यायचं तेव्हा येतंच.

जूनमध्ये लाइपझिगहून हेनरिकेचा निरोप आला,
आमचं जर्मन ती करते:
ओळ ४११७ रिकामी आहे. सुटली का?
मी लिहायला बसले, की ही चूक नाही,
की आड आणि विहीर यांच्यामध्ये
पाऊलभर कोरडी जागा असते,
की आमच्या इथे एक पोस्टमन
सगळं खोडलं.
लिहिलं: तुझ्याकडेही रिकामीच ठेव.

तासाभराने तिचं उत्तर:
ठेवली.
दोनदा वाचून पाहिली.