सुकतीच्या वेळी

शाणू तारी ती घेऊन आला
उकड्या तांदळाच्या पिशवीत, फडक्यात गुंडाळून,
आजारी कोंबडी आणावी तशी.
कानाशी धरून म्हणाला, "आयक, ही कितें तरी सांगता."
ऐकलं. टक. टक. मग जरा थांबून, टक.
सांगत काही नव्हती. शोधत होती.

रायबंदरला, बेकरीच्या माडीवर माझं दुकान,
खालून पावाचा वास, वर सोल्डरचा धूर.
विचारलं, बंद पडल्यावर किती वेळा चालू केलीस?
तो बोटं मोजू लागला,
दुसऱ्या हातावर आल्यावर मोजायचं सोडलं.

आत काय आहे?
"बांद," म्हणाला.
म्हणजे चोडणच्या खाजनाचा हिशेब, एकोणीस वर्षांचा:
मानशीतल्या मासळीची पावणी कितीला गेली,
खेकड्यांनी बांध कुठे पोखरला,
चिखल घालायला कोण आलं,
आणि कोण घरी झोपलं.
दर रविवारी, एका बोटाने टाइप केलेला.

नवी डिस्क जुनीच्या शेजारी मांडली,
टेबलफॅन वळवला,
आणि प्रोग्रॅमला सांगितलं
जे दुकानातल्या पोराला रोज सांगतो:
आधी सोपं ते घे.
अडेल तिथे हट्ट नको, खूण कर, पुढे जा.
मग मागे ये.
तरी नाही जमलं तर शेवटाकडून ये, उलटा.

शाणू म्हणाला, मानशीचंही तेच.
भरतीला दार आपसूक मिटतं, सुकतीला उघडतं.
मधेच जोर लावणारा दार मोडतो, बांधही.
मग चपला काढून स्टुलावर बसला,
दवाखान्यात बसतात तसा.

संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळं उतरलं, विनातक्रार.
मग वेग गळाला. मेगाबाइटचे किलोबाइट झाले,
किलोबाइटचं शून्य,
शून्यानंतर टक.
राहिलं काय ते नकलेवर ताडून पाहिलं:
एकाच सालची फाइल. दोन हजार नऊ.
शाणूने पडद्याकडे पाहिलं नाही.
त्या साली खांड पडली होती,
तीन वर्षं शेतात खारं पाणी.
मानशीवर त्या रात्री पुंडलीक होता, त्याचा धाकटा भाऊ.
गावाने त्याला तेव्हापासून चहाही विचारला नाही.
"तें वर्स रावंदी," म्हणाला,
आणि फेरीबोट धरायला गेला.

मी राहू द्यायला हवं होतं.
पण अडलेली डिस्क टाकून मला झोप येत नाही,
हा धंद्याचा गुण म्हणा, खोड म्हणा.
उलटी फेरी लावली.
पाचशेबारा बाइट, मग पाचशेबारा बाइट,
वीज दोनदा गेली, यूपीएस कोकलला,
खाली भट्टी पेटली तेव्हा
अकरा सेक्टर सोडून सगळं आलं होतं.

नीट आलं का, हे पाहायला फाइल उघडावी लागते.
उघडली. मार्च, तारीख बारा:
'दार कुजलां म्हण पुंडलीक सांगता. पयशे मागता.
चवथ जातकच पळोवया.'
खाली सही करावी तसं त्याचं स्वतःचं नाव.
पुढे चौकोन, प्रश्नचिन्हं,
आणि एकदम ऑक्टोबर.

सकाळी तो पायऱ्या चढून आला, दम खात.
अकरा गेले, मी सांगितलं.
अकरा म्हणजे किती?
साडेपाच किलोबाइट. पान असेल, नसेल.
खंयचें पान?
पाहिलं नाही, मी म्हटलं,
आणि पावती लिहायला खाली वाकलो.

त्याने पैसे दोनदा मोजले.
जुनी, नवी, दोन्ही त्याच पिशवीत घातल्या,
पुन्हा बाहेर काढून जुनी कानाशी धरली.
पायऱ्या अर्ध्या उतरल्यावर थांबला,
मागे न वळता म्हणाला,
"मागीर दार सागवानी घालें.
आजून आसा."