आठशे सातवा मणी

वडगावात दुपारी वीज जाते
आणि सगळे माग एकदम गप्प होतात.
तेवढ्या शांततेत मी बाला सांगायला बसले.
रेवण बाहेर ओट्यावर होता,
अकरा वर्षांचा. टाचेमागे दोन गाठी,
कोपरावर पिवळट,
तुरीची डाळ कातडीखाली शिवल्यासारखी.
पाच वर्षं आम्ही त्यांना चामखीळ म्हणालो.
चुना लावला. घोड्याच्या शेपटाचा केस बांधला.

त्याच्या रक्ताची नळी मीच फिरवली,
लॅबमध्ये माझं कामच ते.
वाटलं होतं, सीरम दुधासारखं गढूळ निघेल.
नितळ निघालं.
मशीननं आकडा दिला सहाशे चौतीस.
कंट्रोल घालून पुन्हा लावलं.
सहाशे एकतीस.

डॉक्टर नेसरगी कन्नडात बोलले,
रिपोर्ट बंगळुरूहून इंग्रजीत आला,
आणि बाला सांगायचं मराठीत.
रिसेप्टरला तिन्हीकडे तोच शब्द,
आमच्या घरात तिन्हीकडून परका.

बघ बा, म्हटलं,
पेशीच्या पडद्यात एक माळ उभी असते,
आठशे एकोणचाळीस मण्यांची.
वरच्या टोकाला सात आकडे,
प्रत्येकात कॅल्शियमचा एकेक कण, नाहीतर आकडा उसवतो.
त्याखाली सहा पात्यांची भिंगरी,
मग साखर चिकटलेला दांडा,
मग पडद्यातून आरपार एकच धागा
आणि आत, घरात, पन्नास मण्यांचं शेपूट.
रक्तातून चाललेलं चरबीचं गाठोडं आकडे धरतात.
शेपूट आतल्यांना खूण करतं,
पेशी धरणाऱ्यासकट गाठोडं आत ओढते.
आत आंबट असतं. आंबट लागलं की भिंगरी
आपणच आकड्यांना जाऊन भिडते, गाठोडं सुटतं,
आणि हा रिकाम्या हातानं पुन्हा दारात,
दहा मिनिटांत.

"धोट्यागत," बा म्हणाला.

धोट्यागतच. जन्मात शंभरावर फेऱ्या.

रेवणचे सातही आकडे शाबूत. भिंगरी शाबूत.
शेपटातला आठशे सातवा मणी
टायरोसिन हवा, तिथं सिस्टीन बसलाय.
जीनमधलं एक अक्षर.
गाठोडं घट्ट धरून तो दारातच उभा,
त्याची खूण आतल्या कुणाला...
मराठीत मला पुढचं जुळेना.
डॉक्टरांचंच म्हटलं: ओळगे होगल्ल.
बाला तिथंच कळलं.

आई ही बाच्या थोरल्या बहिणीची मुलगी.
सोनं घरातच राहिलं, असं लग्नात सगळे म्हणाले होते.
आज्जाचा भाऊ एकेचाळिसाव्या वर्षी
चालू मागावर कलंडला. तेव्हा नजर लागली म्हणाले.
रेवणला दोन्हीकडून तोच मणी आला,
मला एकीकडून.
माझा आकडा दोनशे ऐंशी. तो मी
चार महिने कुणाला सांगितला नव्हता.

"गोळीनं शेपूट नीट होतं काय गे?"
नाही बा. गोळी पेशीला म्हणते, आणखी रिसेप्टर कर.
रेवणची पेशी करेल की, पण तसलेच करेल.
त्याला दुसरं औषध आहे, सुईचं. महाग आहे.
रक्त गाळून घेणारं मशीनही आहे, इथं नाही.

बा काही बोलला नाही.
उजवा पाय मांडीवर घेतला
आणि अंगठ्यानं स्वतःच्या टाचेमागची शीर
वरून खाली, खालून वर
सूत चाचपावं तशी चाचपत राहिला.
एका जागी थांबला.
"ही?"

वीज आली. चारी घरचे माग एकदम सुटले.
मी काय म्हणाले ते त्याला ऐकू गेलं नाही,
म्हणून कानाशी तोंड नेऊन पुन्हा म्हणाले:
उद्या उपाशी ये. चहासुद्धा नको.