माग थांबल्यावर

फोन आधी आडवा धर.
लेन्स पदरानं पूस, वडगावात धुळीपेक्षा
सुताची कूस जास्त उडते.

खिडकी तिच्या पाठीमागं नको,
तुळसाक्काचा चेहरा काळा पडतो.
म्हटलं, जरा इकडं वळ.
"मी वळतो गं, माग कोण वळवणार?"
मग मीच वळले.

स्टँड नाही. तांदळाची पिशवी,
अर्धी रिकामी. तिच्यात फोन नीट बसतो.

बटण दाबून तीन आकडे मोज,
मग विचार.
विचारलं, एक साडी किती दिवसांत?
ओठ हलले. बाकी खडखडाट.
चारदा घेतलं, चारही वाया.

दुपारी लाइट गेली.
"बंद कर की, आता काय दिसालंय?"
नाही केलं. रिकाम्या खोलीचा आवाजही
अर्धा मिनिट घ्यायचा असतो,
मागाहून जोडकामाला लागतो.

शेजारचा रुद्राप्पा कन्नडात पोरीला हाका मारत होता.
कुठंतरी कुकरची शिट्टी.
आणि तुळसाक्का, धागा चाचपत,
फोनकडं न बघता:
"दोन दिस. ताणा जोडायचा तिसरा,
त्यो कोण धरत न्हाई."