छत्तीस पोती

वैजंता ऐवळेच्या प्रॅक्टिकलच्या वहीवर हळद होती.
पान उलटलं की बोटाला लागायची,
त्याच बोटांनी मी त्या दिवशी हजेरी मांडली.
बाकीच्यांनी एकमेकांची उंची मोजली होती,
कुणी पेनांची लांबी.
हिनं सांगलीच्या मार्केट यार्डात
आप्पांनी मापलेल्या थप्पीतली छत्तीस पोती
चिठ्ठ्या टाकून निवडली
आणि पुन्हा काट्यावर चढवली.

आप्पा म्हणजे बिरुदेव ऐवळे, मापाडी.
अडत्या त्यांना म्हणाला होता,
तुझ्या हातचं पोतं पन्नास भरत नाही रे.
एवढंच. शिवी नाही, आवाज चढवणं नाही.
त्या रात्री बिरुदेव जेवले नाहीत.
हे वहीत नव्हतं.
तोंडी परीक्षेत मी विचारलं, हाच नमुना का घेतलास,
तेव्हा बोलली.

सरासरी एकोणपन्नास किलो सहाशे ग्रॅम.
प्रमाण विचलन दीड किलो.
छत्तीसचं वर्गमूळ सहा, त्यानं भागलं, पाव किलो आलं.
त्याची जवळजवळ दुप्पट इकडं, तेवढीच तिकडं:
एकोणपन्नास किलो एकशे दहा ग्रॅमपासून
पन्नास किलो नव्वद ग्रॅमपर्यंत.
पन्नासचा आकडा आत होता.
उंबऱ्याच्या आत, नव्वद ग्रॅमनं,
मूठभर हळकुंडांनी.

"म्हणजे आप्पा खरे?
पंच्याण्णव टक्के खरे?"

बावीस वर्षं मी हे वाक्य फळ्यावर लिहितोय
आणि बावीस वर्षं पोरं ते उलटं करून घरी नेतायत.
खडू खाली ठेवला.

मिरजेच्या उरसात रिंगा टाकल्यास कधी?
साबणाची वडी असते, पावडरचा डबा असतो,
ते जागचे हलत नाहीत.
हलते ती रिंग.
समज, एकाचा हात असा बसलाय
की शंभर टाकल्या तर पंच्याण्णवेक वडीवर बसतात.
त्यानं एक टाकली
आणि त्याच क्षणी लाइट गेली.
रिंग पडल्याचा आवाज तेवढा आला.
वडी आत की बाहेर, ते ठरून गेलंय आता.
पंच्याण्णव हा त्याच्या हाताचा गुण,
ह्या एका रिंगेला तो चिकटवू नकोस.

"आणि लाइट कधी येते, सर?"

शेवटचं पोतं मोजेपर्यंत येत नाही, म्हणालो.
म्हणजे बहुधा येतच नाही.

ती वहीकडं बघत राहिली.
मग म्हणाली, नव्व्याण्णवचं काढून बघते.
काढलं. कुंपण दोन्हीकडं सरकलं,
खाली एकोणपन्नासच्याही पलीकडं गेलं.
"खात्री वाढली तसं कळणं कमी झालं की."
रुंदी निम्मी करायची तर चौपट पोती लागतील,
एकशे चव्वेचाळीस.
ती बोटांवर काहीतरी मोजू लागली.
मला वाटलं, वर्गमूळ.
ती पाठी मोजत होती:
हमाल चार, रविवार एक, चहा कुणी पाजायचा.

निष्कर्षाच्या जागी तिनं लिहिलं,
"सरासरी पन्नास असेल
हे ह्या छत्तीस पोत्यांवरून खोडता येत नाही.
पन्नासच आहे असंही म्हणवत नाही,
सव्वा एकोणपन्नासही असेल.
मोजणारी मापाड्याची मुलगी आहे, ही नोंद घ्यावी."

शेवटची ओळ अभ्यासक्रमात नाही.
दहापैकी दहा दिले.

पुढच्या आठवड्यात जिन्यात भेटली.
आप्पांना दाखवलंस का?
हो, म्हणाली, सगळं वाचून दाखवलं, रिंगेसकट.
आप्पा बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले,
म्हणजे त्या अडत्यालाबी नक्की ठावं नाही तर.

आणि जेवले?

जेवले. तीन भाकरी.

नमुना एकच.
विचलन काढता येत नाही.