शिफारस

पुण्याहून आलेला भाव: अडतीस लाख चाळीस हजार, वर कर.
जुन्या यंत्राचे परत साठ हजार.
म्हणजे एक बरी म्हैस, प्रणोती म्हणाली,
आणि म्हैस निदान रविवारीही चालते.

मुळ्ये सरांनी फाइलीवर पेन्सिलीने लिहिलंय,
"हवंच का? दोन ओळींत कळवा."
चार दिवस झाले. ओळी येत नाहीत.

यंत्र दोन हजार आठ सालचं.
मिरजोळ्याच्या या शेडमध्ये मी लागले त्याच वर्षी आलं,
माझ्याहून महिनाभर सीनियर.
पंपाचं सील वर्षाला एक खातं.
व्हॉल्व्ह अडकला की दाबाची रेघ
नांगरलेल्या होडीसारखी जागच्या जागी खालीवर.
संगणकाच्या कपाळावर चिठ्ठी: याला इंटरनेट लावू नये.
आणि जोडांवर पांढरं साचतं. पुसलं की परत.
बफरचं मीठ की खाऱ्या वाऱ्याचं,
सतरा वर्षांत मला ठरवता आलं नाही,
आणि पृथक्करण हा माझा धंदा.

नासीर फणसोपकर पाना लावण्याआधी
झाकणावर तळवा ठेवतो, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.
"मॅडम, हेचे सुटे भाग कंपनीत नाय आता.
माझ्या माळ्यावर हायत. दोन मेलेली यंत्रं.
ती संपली की मग मला फोन करू नका."

डेमोला आमचाच नमुना पाठवला होता,
देवरुखकडचा कोकम अर्क,
नऊ वर्षं आम्ही ज्याला प्रमाणपत्र देतोय.
आलेखावरच्या उंचवट्याला आम्ही पीक म्हणतो
(आईला अजून वाटतं मी शेतीखात्यात आहे).
आमच्या कागदावर पीक एकच,
उतरणीला जरासा फुगवटा, पाठीत उसण भरलेल्या माणसासारखा.
पुण्याच्या कागदावर चार मिनिटांत दुबार पीक.
मधे तळापर्यंत दरी.
पहिलं कोकमाचं आम्ल.
दुसरं साधं, लिंबातलं, पोत्याने विकत मिळतं ते.

"म्हणून तर सांगतोय, मॅडम," विक्रीवाला फोनवर.

दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावून
एकावर एक धरले.
पलीकडच्या कंपाउंडात रातांब्याची सालं वाळत होती.
मालकाने मिसळलं, की झाडानेच इतकं दिलं,
हा पुढचा प्रश्न.
फुगवट्यासकट बेरीज आमची.
खाली सही माझी.

त्या रात्री थांबले.
दोन कॉलम एकापुढे एक जोडले, प्रवाह निम्मा केला.
घे म्हटलं, लागेल तेवढा वेळ.
प्रणोती हट्टाने थांबली. बाहेर पायरीवर बसून आम्ही
तिच्या डब्यातलं बांगड्याचं तिखलं खाल्लं,
भावाच्या साखरपुड्याचे फोटो बघितले,
वीज एकदा लुकलुकली, यूपीएस ओरडला, गप्प झाला.
अठ्ठावन्नाव्या मिनिटाला रेघ चढली.
उतरली. तळाला टेकणार, टेकणार,
पुरती टेकली नाही,
आणि पुन्हा चढली.

दिसत होतं त्याला.
आम्ही विचारत नव्हतो.
अठरा मिनिटांत उरकायचं हे आम्हीच ठरवलेलं,
मे महिना, दिवसाला वीस नमुने, दारात टेम्पोवाला
हॉर्न दाबून उभा.

तर सर, दोन ओळी:
नवीन यंत्र घ्यावं. जुनं आंधळं झालंय म्हणून नव्हे,
रोज सत्तर मिनिटं थांबणारी माणसं आपण नाही म्हणून.

तिसरी तुम्ही मागितलेली नाही.
साठ हजार सोडा, जुनं इथेच राहू दे,
नवीन फार पटकन बोललं तर
कुणालातरी विचारायला हवं.

आणि सोमवारी माझी रजा टाका.
देवरुखला जातेय.
नऊ वर्षांच्या फाइली दोन पिशव्यांत बसतात, बघितलं मी भरून.